घटक ४ : हेमाद्री – चरित्र, काळ आणि नावामागची वास्तू

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला –

• यादवकाळातील मंत्री व ग्रंथकार हेमाद्री याच्या जीवनकार्याचा परिचय करून देता येईल.
• त्याच्या चरित्रातील पुराव्याने सिद्ध होणारा भाग आणि दंतकथेचा भाग वेगळा करता येईल.
• ‘हेमाडपंती’ म्हटल्या जाणाऱ्या मंदिरांची रचना स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या मंदिराविषयी जबाबदारीने लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठवाड्यातील कोणत्याही गावात जुने, काळ्या दगडाचे, चुन्याशिवाय रचलेले देऊळ दिसले, की ते कोणी बांधले या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते : हेमाडपंताने. पुढे असेही सांगतात, की ही सारी देवळे त्याने एका रात्रीत उभी केली. पहाट झाली आणि जे काम अपुरे राहिले, ते तसेच राहिले.

बीड जिल्ह्यातील एका अध्ययन केंद्रावर संपर्क सत्रात मी यादवकाळ शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने एक अडचण मांडली. ती आपल्या ग्रामपंचायतीची सदस्य होती. गावातल्या प्राचीन महादेव मंदिरापुढे माहितीफलक लावायचे ठरले होते आणि मजकूर लिहिण्याचे काम, मराठी घेऊन पदवी करते म्हणून, तिच्याकडे आले होते. मंदिर हेमाडपंताने बांधले असे लिहावे, असा गावाचा आग्रह होता. वर्गात मात्र तिने नुकतेच वेगळे ऐकले होते. फलकावर काय लिहावे, एवढाच तिचा प्रश्न होता.

प्रश्न लहान वाटतो, पण तसा तो नाही. दगडी भिंतीपुढे उभा राहिलेला फलक पुढच्या दोन पिढ्या वाचतात आणि खरा मानतात. चुकीचे नाव लिहिले गेले, तर ज्याने ते काम खरोखर केले त्याचे नाव कायमचे पुसले जाते. म्हणून या घटकात आपण हेमाद्रीचे चरित्र पाहू, मग त्याच्या नावाने ओळखली जाणारी वास्तू पाहू, आणि शेवटी त्या फलकाकडे परत येऊ.

४.२ काळ आणि कुळ

देवगिरीच्या यादवांचे राज्य तेराव्या शतकात ऐन भरात होते. सिंघण (सु. १२१० ते १२४६) याने ते उत्तरेस नर्मदेपर्यंत आणि दक्षिणेस कर्नाटकात खोलवर नेले. त्याच्यानंतर त्याचा नातू कृष्ण आणि कृष्णानंतर १२६१ मध्ये कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव गादीवर आला. महादेवाने उत्तर कोकणच्या शिलाहारांचे राज्य जिंकून देवगिरीला जोडले. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र आमण गादीवर बसला. पण कृष्णाचा पुत्र रामचंद्र याने त्याला दूर सारून १२७१ मध्ये सत्ता हाती घेतली. आपण ज्याला रामदेवराय म्हणतो तो हाच.

हेमाद्रीची कारकीर्द महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या काळात घडली. तो वत्सगोत्री ब्राह्मण. पित्याचे नाव कामदेव, आजोबांचे वासुदेव आणि पणजोबांचे वामन. ही वंशावळ त्याच्या स्वतःच्या ग्रंथातून मिळते. तेराव्या शतकातील फार थोड्या व्यक्तींविषयी आपल्याला इतकी नेमकी माहिती आहे. अशा माणसाभोवती दंतकथांचे दाट रान उगवावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

एक लक्षणीय घटना येथे नोंदवू. महादेव आणि आमण यांचा पक्ष पराभूत होऊन रामचंद्र सत्तेवर आला, तरी महादेवाचा हा मंत्री आपल्या पदावर राहिला. राजा बदलला आणि मंत्री टिकला. राज्याचे दफ्तर ज्याच्या हाती असते, त्याच्यावाचून नव्या राजाचेही अडते.

४.३ श्रीकरणाधिप

हेमाद्रीचे अधिकारपद ‘श्रीकरणाधिप’ असे होते. ‘करण’ म्हणजे लेखनाची कचेरी, दफ्तर. राज्याचे आदेश, दानपत्रे, हिशेब, पत्रव्यवहार हे सारे जेथून निघे आणि जेथे नोंदले जाई, त्या मुख्य कचेरीचा हा प्रमुख. ‘कुळकर्णी’ या शब्दात हेच ‘करण’ आहे, हे ध्यानात घ्या. गावच्या कुळकर्ण्याकडे जे काम गावापुरते असे, तेच हेमाद्रीकडे संपूर्ण राज्याचे होते.

त्याचे काम केवळ लेखणीचे नव्हते. शके ११९४, म्हणजे इ. स. १२७२ मधील ठाणे येथील ताम्रपटात त्याने झाडीमंडळ, म्हणजे आजच्या विदर्भाचा पूर्वेकडील अरण्यप्रदेश, जिंकून घेतल्याचा उल्लेख येतो. मंत्र्याने मोहिमेवर जाणे त्या काळी असामान्य नव्हते.

‘हेमाडपंती मेस्तक’ या नावाने ओळखली जाणारी लेखनपद्धतीही परंपरेने त्याच्याकडेच जाते. कोणाला कोणता मायना लिहावा, कागद कसा सुरू करावा, नोंद कशी ठेवावी, याचे नियम म्हणजे मेस्तक. हे नियम पुढे शतकानुशतके वाढत गेले; त्यांतला प्रत्येक नियम एकाच माणसाचा असणे संभवत नाही. परंतु नियमांना नाव द्यायचे झाले, तर ज्याच्या कचेरीत ते रुळले त्याचेच नाव सुचावे, हे स्वाभाविक आहे.

४.४ ग्रंथकार हेमाद्री

हेमाद्रीचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे ‘चतुर्वर्गचिंतामणी’. धर्मशास्त्रातील वचनांचा हा विशाल संग्रह. त्याचे व्रतखंड, दानखंड आणि श्राद्ध, काल व प्रायश्चित्त यांचा विचार करणारे भाग विशेष प्रसिद्ध आहेत. पुराणे व स्मृती यांत विखुरलेली वचने विषयवार मांडून त्याने ती पुढच्या पंडितांच्या हाती दिली. आज जी पुराणवचने मूळ पोथ्यांत सापडत नाहीत, तीही कधी कधी त्याच्या संग्रहात सापडतात. दफ्तर सांभाळणाऱ्या माणसाची नजर येथेही दिसते. त्याने धर्माचेही दफ्तर लावले, असे म्हणता येईल.

व्रतखंडाच्या आरंभी त्याने यादव राजांची प्रशस्ती दिली आहे. यादवांची वंशावळ जुळवताना इतिहासकारांना शिलालेखांइतकाच या प्रशस्तीचा उपयोग झाला. याच खंडात देवतांची रूपे, आयुधे व वाहने यांची वर्णने आली आहेत. मंदिराच्या भिंतीवरील मूर्ती ओळखताना अभ्यासक आजही त्यांचा आधार घेतात.

वैद्यक हा त्याचा दुसरा विषय. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथावर त्याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. बोपदेव हा वैयाकरण त्याच्या आश्रयास होता. बोपदेवाचे ‘मुग्धबोध’ हे व्याकरण पुढे बंगालमध्ये घरोघरच्या पाठशाळांत पोहोचले. बोपदेवाच्या ‘मुक्ताफल’ या भागवतावरील ग्रंथावर स्वतः हेमाद्रीने ‘कैवल्यदीपिका’ ही टीका लिहिली. आश्रित पंडिताच्या ग्रंथावर आश्रयदात्या मंत्र्याने टीका लिहावी, यातून त्याच्या सभोवतालच्या विद्वत्तेच्या वातावरणाची कल्पना येते.

या साऱ्या ग्रंथसंपदेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. व्रतखंडात वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक तिथीला काही ना काही व्रत सांगितले आहे. व्रते, दाने आणि ब्राह्मणभोजने यांच्या या विस्तारामुळे समाज कर्मकांडात अधिक गुंतला, अशी टीका आधुनिक काळात झाली. त्याच शतकाच्या शेवटी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीपर्यंत आली आणि यादवांना खंडणी द्यावी लागली, तेव्हा या टीकेला धार चढते. तथापि एका ग्रंथामुळे राज्य बुडाले असे म्हणणे आणि एका माणसाने सारी देवळे बांधली असे म्हणणे, ही एकाच जातीची विधाने आहेत. दोन्हींत एका नावावर अनेकांचे ओझे टाकलेले असते.

४.५ मंत्री आणि महानुभाव पंथ

मराठीच्या विद्यार्थ्याला हेमाद्री भेटतो तो मुख्यतः महानुभाव वाङ्मयात, आणि तेथे तो प्रतिपक्षात आहे. श्रीचक्रधरस्वामींनी व्रतवैकल्यांचे अवडंबर नाकारले, स्त्रिया व शूद्र यांना संन्यासमार्ग खुला केला आणि लोकभाषेत निरूपण केले. ज्याने व्रतांचा महाग्रंथ रचला, त्या मंत्र्याला हा विचार रुचणे शक्य नव्हते. चक्रधरस्वामींचा जो छळ झाला, त्यात देवगिरीच्या दरबारातील धर्माधिकारी व हेमाद्री यांचा हात होता, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे हेमाद्रीचा अंतही राजाज्ञेने, अत्यंत क्रूरपणे झाला, असेही याच परंपरेत येते.

ही साक्ष आपण कशी वाचावी? ती समकालाच्या अगदी जवळची आहे, म्हणून मोलाची आहे. ती ज्यांनी अन्याय सोसला त्यांच्या बाजूची आहे, म्हणून अधिक मोलाची आहे; आणि त्याच कारणाने ती प्रतिपक्षाविषयी निःपक्ष असेलच असे नाही. हेमाद्रीचा ग्रंथ त्याला विद्वान, दाता व धर्मनिष्ठ म्हणतो. महानुभाव ग्रंथ त्याला छळक म्हणतात. दोन्ही वर्णने एकाच माणसाची असू शकतात. चरित्र लिहिताना यांपैकी एक पुसून दुसरे ठेवण्याचा मोह टाळला पाहिजे.

येथे भाषेचा एक विलक्षण योग दिसतो. हेमाद्रीने सारे ग्रंथ संस्कृतात लिहिले. त्याच्या विरोधात उभे राहिलेले लोक मराठीत बोलले, आणि त्यांच्या आठवणींतून ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य महत्त्वाचा ग्रंथ तयार झाला. रामचंद्राच्याच राज्यात, शके १२१२ मध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. आज सामान्य मराठी माणसाला ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हे नाव ठाऊक नसते. ‘हेमाडपंती’ हा शब्द मात्र शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. संस्कृत ग्रंथांनी जे केले नाही, ते एका मराठी विशेषणाने केले.

४.६ ‘हेमाडपंती’ वास्तूची रचना

आता हे विशेषण ज्या वास्तूंना लागते त्यांच्याकडे वळू.

दख्खनच्या पठारावर मुबलक मिळणारा काळा बसाल्ट दगड हे या मंदिरांचे द्रव्य. दगड घडवून त्यांचे पृष्ठभाग इतके सपाट केले जात, की एकावर एक ठेवल्यावर सांध्यात चुना भरण्याची गरज उरत नसे. आवश्यक तेथे एका दगडाला खाच आणि दुसऱ्याला त्या खाचेत बसणारा उंचवटा ठेवत. इमारत उभी राहते ती दगडाच्या वजनाने आणि सांध्याच्या अचूकपणाने. म्हणून तिला कोरडी किंवा शुष्क सांध्याची बांधणी म्हणतात.

जमिनीपासून वर पाहत गेल्यास प्रथम जगती, म्हणजे मंदिराचा रुंद चौथरा. तिच्यावर अधिष्ठान, म्हणजे थरांनी सजवलेला पाया. त्यावर मंडोवर, म्हणजे मूर्तींनी नटलेली बाह्यभिंत. आणि सर्वांत वर शिखर. आत शिरताना मुखमंडप, सभामंडप, अंतराळ आणि गर्भगृह असा क्रम लागतो. अनेक मंदिरांचा तळविन्यास तारकाकृती असतो. चौरस फिरवत नेल्यासारखे त्याचे कोन बाहेर येतात. त्यामुळे भिंतीवर उन्हाची आणि सावलीची पट्टी आलटून पालटून पडते आणि शिल्पे उठून दिसतात.

छत हा या रचनेचा सर्वांत बुद्धिमान भाग आहे. येथे खरी कमान नाही. चार खांबांवर चार तुळया ठेवल्या, की चौरस तयार होतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड तिरके ठेवले, की आत लहान चौरस उरतो. त्यावर पुन्हा तसेच केले, की मोकळी जागा आणखी आकसते, आणि शेवटी एका नक्षीदार दगडाने ती झाकता येते. मोठ्या मंडपात गोलाकार थर एकापुढे एक आत सरकवत घुमटासारखे छत उभारतात. पुढच्या वेळी मंडपात उभे राहाल, तेव्हा मान वर करून हे चौरस मोजा.

तुलनेसाठी इटलीतील राव्हेन्ना नगरातील सान व्हिताले हे चर्च पाहा. इ. स. ५४७ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. ते अष्टकोनी असून विटा व चुना यांनी बांधलेले आहे. त्याचा घुमट हलका व्हावा म्हणून त्यात मातीच्या पोकळ नळ्या वापरल्या आहेत. आपल्याकडील कारागिराने वजनाला कामाला लावले, तिकडच्या कारागिराने वजन कमी केले. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या चर्चमधील दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. भिंतीवर रंगीत तुकड्यांच्या जडावाचे भव्य चित्र आहे, ते सम्राट जस्टिनियनचे. समोर त्याची राणी थिओडोरा आहे. पाहणाऱ्याला वाटते, की चर्च सम्राटानेच बांधले. वास्तविक हे दोघे राव्हेन्नाला कधी आलेच नाहीत. काम एक्लेसिअस या बिशपच्या काळात सुरू झाले आणि त्यासाठी सव्वीस हजार सुवर्णनाणी दिली ती युलिआनुस नावाच्या सावकाराने. थोराच्या नावाखाली खऱ्या कर्त्याचे नाव झाकले जाणे हा केवळ आपल्याकडचा प्रकार नाही.

४.७ दगडांची साक्ष

हेमाद्री मंत्री झाला तो १२६१ नंतर. हे एक वर्ष मनात पक्के धरा आणि काही मंदिरांचे काळ त्याच्याशेजारी ठेवा.

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील शिवमंदिर सर्रास हेमाडपंती म्हणून सांगितले जाते. त्याचा शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे आणि ते शिलाहारांच्या राज्यातील आहे. हेमाद्रीच्या मंत्रिपदापूर्वी दोनशे वर्षे ते उभे होते.

आता आपल्या जिल्ह्यात या. परळी तालुक्यातील धर्मापुरी येथील केदारेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील, बाराव्या शतकातील आहे. त्याच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरी पाहण्यासाठी दुरून अभ्यासक येतात. हे मंदिरही हेमाद्रीच्या आधीचे. बीड शहरातील कंकालेश्वर पाण्याने वेढलेल्या कुंडात उभे आहे. त्याच्या दगडांचे सांधे पाहिले, की या बांधणीचे सामर्थ्य कळते.

अंबाजोगाईची साक्ष सर्वांत बोलकी आहे. मुकुंदराजांच्या परंपरेमुळे आपल्याला परिचित असलेले हे नगर तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या सत्तेचे केंद्र होते. येथील शिलालेखांत त्याच्या कुटुंबाची हकीकत आली आहे. खोलेश्वराचा पुत्र राम हाही सेनापती होता. गुजरातच्या मोहिमेवर गेला असता नर्मदेच्या तीरावर झालेल्या युद्धात तो मारला गेला. त्याचा मुलगा लहान होता. तेव्हा रामाची बहीण लक्ष्मी हिने त्या मुलाच्या वतीने कारभार पाहिला आणि भावाच्या स्मृतीसाठी देवालय उभारले. शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० च्या लेखात ही नोंद आहे.

विद्यार्थी मित्रहो, या नोंदीपाशी क्षणभर थांबा. भाऊ दूर नदीकाठी पडला. घरात अल्पवयीन भाचा आणि दारात राज्यकारभार. अशा वेळी एका स्त्रीने दोन्ही भार उचलले आणि त्यावर भावासाठी दगडाचे देऊळ उभे केले. तिचे नाव दगडावर कोरलेले आहे. हेमाद्री मंत्री होण्यास अद्याप वीस वर्षे अवकाश होता. आणि तरीही त्या परिसरातील जुन्या देवळांविषयी विचारले, तर आपण सहज म्हणून जातो, हेमाडपंताने बांधली. आपण हेमाद्रीला देतो ते कोणापासून काढून घेतो, हे येथे दिसते.

माजलगाव तालुक्यात गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक मासात तेथे मोठी गर्दी होते. या गावाचे नाव देवावरून पडले असे आपण समजतो. तेथे सापडलेल्या शके १२३२, म्हणजे इ. स. १३१० च्या ताम्रपटातून वेगळी गोष्ट कळते. रामचंद्राचा मंत्री पुरुषोत्तम, ऊर्फ पुरुषै नायक, याला राजाकडून मिळालेल्या दानातून हे अग्रहार वसले आणि त्याला त्याचे नाव मिळाले. म्हणजे यादवांच्या सेवेत हेमाद्रीखेरीज इतर मंत्रीही होते आणि तेही दाने देत होते. बीड जिल्ह्याने त्यांतील एकाचे नाव गावाच्या रूपाने जपले आहे.

४.८ नाव कसे चिकटले?

मग ‘हेमाडपंती’ हा शब्द चुकीचा म्हणून टाकून द्यावा काय? भाषेचा अभ्यासक असे म्हणणार नाही. आधी शब्दाची घडण पाहू. ‘हेमाद्रि’चे लोकभाषेत ‘हेमाडि’, ‘हेमाड’ झाले आणि ‘पंडित’चे ‘पंत’. ‘हेमाडपंत’ या विशेषनामाला ‘ई’ हा प्रत्यय लागून विशेषण तयार झाले. असा प्रत्यय नेहमीच कर्ता दाखवत नाही. कोल्हापुरी चप्पल आज अनेक गावांत तयार होते. ‘कोल्हापुरी’ म्हणजे त्या धाटणीची. त्याच न्यायाने हेमाडपंती मंदिर म्हणजे एका विशिष्ट धाटणीचे मंदिर. शैलीचे नाव म्हणून शब्द निर्दोष आहे. तो कर्त्याचे नाव म्हणून वापरला, की चूक होते.

युरोपातील उंच कमानींच्या चर्चना ‘गॉथिक’ म्हणतात. पण गॉथ लोकांनी ती बांधलेली नाहीत. हे नाव पुष्कळ नंतर, इटलीतील विद्वानांनी, तुच्छतेने दिले. नाव चुकीच्या वाटेने आले, तरी शैलीची ओळख म्हणून रुजले.

हेमाद्रीचेच नाव का रुजले, याची कारणेही समजण्यासारखी आहेत. त्याच्या हाती राज्याचे दफ्तर होते, म्हणून दानपत्रांशी त्याचा संबंध येई. त्याने दानधर्मावर महाग्रंथ लिहिला, म्हणून पुण्यकर्माशी त्याचे नाव जोडले गेले. यादवांचे राज्य लयाला गेल्यावर लोकांच्या स्मरणात राजा उरला तो रामदेवराय आणि मंत्री उरला तो हेमाडपंत. ज्या वास्तूचा कर्ता विसरला गेला, ती या उरलेल्या नावाच्या खाती जमा होत गेली.

४.९ मोडी आणि बाजरी

हीच प्रक्रिया आणखी दोन गोष्टींत दिसते. लोककथेप्रमाणे हेमाडपंत लंकेला गेला, त्याने बिभीषणाला रोगमुक्त केले आणि येताना तेथून मोडी लिपी आणली. या कथेत त्याचे वैद्यकज्ञान आणि लेखनकचेरी या दोन खऱ्या गोष्टी एकत्र गुंफल्या आहेत. लिपी मात्र अशी आणता येत नाही. रोजच्या लिखाणात वेग हवा असतो. बोरू वारंवार न उचलता लिहिण्याची सवय लागते. अक्षरे वळतात, जोडली जातात, आणि कचेऱ्यांतील असंख्य लेखकांच्या हातून पिढ्यांनंतर वेगळी लिपी दिसू लागते. मोडी अशी घडली. मोठ्या कचेरीच्या प्रमुखाने तिला उत्तेजन दिले असणे शक्य आहे. पण घडविणारे हात अनेक होते.

बाजरीही त्यानेच महाराष्ट्रात आणली, असे सांगतात. बाजरीची शेती भारतात काही हजार वर्षांपासून आहे. आपल्या कोरडवाहू रानात ती टिकली ती शेतकऱ्याने दरवर्षी चांगली कणसे निवडून बियाणे राखले म्हणून. हे बियाणे मडक्यात जपणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही ताम्रपटावर नाही.

४.१० समारोप

हेमाद्रीच्या चरित्रातून देवळे, मोडी आणि बाजरी वजा केली, तर काय उरते? पुष्कळ उरते. दोन राजांच्या काळात दफ्तर सांभाळणारा प्रशासक उरतो. मोहीम जिंकणारा मंत्री उरतो. धर्मशास्त्राचा अजस्र संग्रह करणारा व वैद्यकावर टीका लिहिणारा ग्रंथकार उरतो. बोपदेवासारख्या पंडिताचा आश्रयदाता उरतो. त्याबरोबर एका नव्या, समतेच्या विचाराला विरोध करणारा सत्ताधारीही उरतो. हा माणूस दंतकथेतील जादूगाराइतका अद्भुत नाही. पण तो खरा आहे आणि अभ्यासाला पुरेसा मोठा आहे.

त्याच्या खाती चुकून जमा झालेले आपण परत केले, तर लक्ष्मी दिसू लागते, पुरुषै नायक दिसू लागतो. ज्यांची नावे कोठेच कोरलेली नाहीत, ते पाथरवट निदान त्यांच्या सांध्यांच्या रूपाने दिसू लागतात.

त्या विद्यार्थिनीने अखेर फलकासाठी चार वाक्ये लिहून आणली होती. हे मंदिर हेमाडपंती शैलीचे आहे. त्यात चुना वापरलेला नाही. त्याच्या खांबांवर व छतावर अमुक शिल्पे आहेत. ज्या कारागिरांनी ते घडविले, त्यांचे काम आपल्यासमोर आहे, ते सांभाळावे. गावाने प्रथम कुरकूर केली, कारण मोठे नाव गेले होते. मग एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांच्या घरी पूर्वी पाटे-वरवंटे टाकण्याचे काम चाले, चौथे वाक्य दुसऱ्यांदा वाचून दाखवायला सांगितले. फलक तसाच लागला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘श्रीकरणाधिप’ या पदाचे स्वरूप सांगून हेमाद्रीच्या प्रशासकीय कार्याचा परिचय करून द्या.
२. हेमाद्रीविषयी महानुभाव परंपरेची साक्ष कशी वाचावी, ते आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. ‘हेमाडपंती’ हा शब्द शैलीवाचक म्हणून योग्य, कर्तृवाचक म्हणून अयोग्य, या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
४. कोरड्या सांध्याच्या बांधणीत छत कसे उभारले जाते, ते आकृतीसह लिहा.
५. उपक्रम : आपल्या गावातील किंवा जवळच्या एका जुन्या मंदिराला भेट द्या. चौथरा, भिंत, खांब, छत यांचे निरीक्षण करा. शिलालेख असल्यास त्यावर पाणी, तेल, रंग न लावता छायाचित्र घ्या. आपण स्वतः पाहिले तेवढेच सांगणारा शंभर शब्दांचा माहितीफलक तयार करून संपर्क सत्रात सादर करा.